कृषिमंत्र्यांना खुलं पत्र : हापूसला एक शास्त्रज्ञ द्या, बदली न होणारा

मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



रत्नागिरीहून आपल्या कार्यालयात येणाऱ्या पत्रांचा मजकूर पाकीट न फोडताही सांगता येतो. अवकाळीने मोहोर काळा पडला, पंचनामे करा. फुलकिडीने कणी गेली, विमा कंपनीला समज द्या. वादळात कलमं उन्मळली, हेक्टरी मदत वाढवा. मीही अशी पत्रं लिहितो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा वाडीतल्या निम्म्या लोकांचे अर्ज माझ्याच अक्षरात होते. आज मात्र मदत मागायची नाही, एक माणूस मागायचा आहे. रेणवीय जीवशास्त्र शिकलेला, कलमाखाली उभं राहायला न कंटाळणारा आणि निदान वीस वर्षं इथून न हलवला जाणारा एक शास्त्रज्ञ कोकणातल्या आंब्याला द्या, एवढंच मागणं आहे.

वीस वर्षं कशाला, असं आपले सचिव विचारतील. त्यासाठी आधी साक्याची गोष्ट ऐका.

मे महिन्यात आपल्याकडे पेटी येतच असेल. आंबा आढीत छान पिकलेला, साल केशरी, एक डाग नाही, वास खोलीभर. सुरी बाठ्यापर्यंत जाते आणि बाठ्याच्या अंगाला पांढुरका, भुसभुशीत, आंबट गर निघतो. हाच साका. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. सगळा जन्म आंब्यात काढलेल्यालाही कळत नाही. घेणाऱ्याला वाटतं, बागायतदाराने फसवलं. आमचं गिऱ्हाईक जातं आणि कोणाला दोषही देता येत नाही.

मुंबई प्रांताच्या शेती खात्याने १९३२ आणि १९३३ साली हापूस युरोपला पाठवून पाहिला. त्या प्रयोगावर चीमा आणि दाणी यांनी १९३४ मध्ये अहवाल दिला, त्यात या विकाराची नोंद आहे. त्यानंतर सत्तर वर्षं तर्क चालले. कोणी म्हणालं, तापलेल्या जमिनीची धग फळाला लागते, म्हणून कलमाखाली गवत पसरा. कोणी म्हणालं, चुना कमी पडतो. गवताने फरक पडला, पण मूळ कारण हाती लागलं नाही. शेवटी २००४ आणि २००६ साली बंगळूरजवळच्या हेस्सरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या रवींद्र आणि शिवशंकर यांनी बाठ्याकडे बोट दाखवलं. हापूसच्या बाठ्यातलं बी फळ झाडावर असतानाच रुजायच्या तयारीला लागतं, आणि त्यासाठी लागणारं पाणी नि अन्न शेजारच्या गरातून ओढतं. गर भुसभुशीत होतो तो त्यामुळे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या गटाने पुढे साक्याच्या गरातली जनुकं आणि रसायनं तपासली, तेव्हा तेही याच निष्कर्षापाशी आले.

आता गंमत पाहा. आमचे म्हातारे सांगत आले, आंबा चौदा आणे झाला की उतरवा, सोळा आणे होईपर्यंत झाडावर ठेवू नका. देठाजवळचे खांदे भरले, देठ खळीत बसला, हिरव्या रंगावर किंचित पिवळट झाक आली की चौदा आणे. दापोलीच्या विद्यापीठाची शिफारसही तीच आहे, आणि फळ देठासकट यावं म्हणून त्यांनीच काढलेला नूतन झेला आज बहुतेक बागांत आहे. चौदा आण्यांवर साका कमी का, याचं उत्तर आता मिळतं : बियाला जागं व्हायला वेळच कमी मिळतो. म्हाताऱ्यांचा अनुभव आणि प्रयोगशाळेतलं कारण यांची गाठ पडायला १९३४ पासून सत्तर वर्षं गेली. अर्ज, प्रकल्प, मुदतवाढ या मापात बसणारं हे काम नाही.

दुसरी गोष्ट संकराची. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ चं. तेव्हा वेंगुर्ले रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. तिथे एम. जे. साळवी आणि आर. टी. गुंजाटे यांनी दक्षिणेतली नीलम आई आणि हापूस बाप धरून ‘रत्ना’ तयार केला. तो १९८१ मध्ये प्रसारित झाला. नीलम दर वर्षी फळणारी, हापूस एक वर्षाआड हात आखडणारा. रत्नाला साका नाही, रेषा नाही, फळ मोठं. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये ‘सिंधू’ आला. त्याचा बाठा कागदासारखा पातळ. उत्तरेत दिल्लीच्या संस्थेने दशहरी आणि नीलमपासून आम्रपाली केली, म्हणजे आमचा रत्ना आणि त्यांची आम्रपाली नीलमकडून भावंडंच लागतात.

हे लिहायला दोन ओळी लागल्या. करायला किती लागतं ते सांगतो. आंब्याच्या एका तुऱ्यात शेकड्यांनी फुलं असतात आणि त्यातली बरीच नर. उभयलिंगी फूल शोधायचं, उमलण्याआधी त्याचे पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या जातीचा पराग कुंचल्याने लावायचा, तुऱ्याला पिशवी बांधायची. हे थंडीत, सकाळच्या उन्हात, शिडीवर. एवढं करून शंभरात एखाददुसरं फळ टिकलं तर नशीब. त्या फळाच्या बाठ्यातून एक रोप. ते मोहोरायला पाच, सात, कधी आठ वर्षं. मग दर वर्षी किती फळ, साका किती, टिकतं किती दिवस, तुडतुडे आणि करपा किती येतो, याच्या नोंदी. आणि शेकडो रोपांतली बहुतेक सगळी शेवटी टाकून द्यायची. शास्त्रज्ञ तिशीत पराग लावतो, चाळिशीत पहिलं फळ चाखतो, आणि वाण बाहेर पडतो तेव्हा त्याच्या निवृत्तीवेतनाचे कागद निघालेले असतात. एका माणसाच्या नोकरीत आंब्याच्या दोन पिढ्या बसल्या तरी पुष्कळ.

तरीही खरं सांगायचं तर पेटीवर नाव चालतं ते हापूसचंच. रत्ना चांगला आहे, पण वाशीच्या बाजारात भाव हापूसच्या वासाला मिळतो, आणि संकरात नेमका तोच वास हातचा निसटतो. इथे पुण्याच्या कामाचा संबंध येतो.

पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. प्रभाकर रांजेकर यांनी वनस्पतींच्या रेणवीय जीवशास्त्राचा गट उभा केला. तिथेच डॉ. विद्या गुप्ता आणि डॉ. अशोक गिरी यांनी विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्या हापूसच्या वासामागे लावल्या. सागर पंडित, राम कुलकर्णी, प्रांजली ओक, आशिष देशपांडे यांचे प्रबंध आपल्याच आंब्यावरचे. पंचवीसहून अधिक जातींच्या वासातली संयुगं त्यांनी मोजली. हिरवं फळ, आढीतलं फळ, पिकलेलं फळ, असं दर काही दिवसांनी गर काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायचा. आंब्याच्या गरात साखर, चीक आणि तुरटपणा एवढा की आरएनए शुद्ध निघता निघत नाही. बाठ्यातून तर त्याहून कठीण. तो काढायची पद्धतच त्यांना आधी बसवावी लागली, आणि त्यावरही त्यांचा स्वतंत्र शोधनिबंध आहे. मग कळलं की लॅक्टोन आणि फ्युरॅनोन या वर्गातली संयुगं फळ पिकताना वाढत जातात, आणि त्यातलं फ्युरॅनिऑल बनवणारं विकर कोणत्या जनुकातून येतं तेही सापडलं. स्ट्रॉबेरीच्या वासातही हेच संयुग असतं. लॅक्टोनच्या वाटेवरची जनुकंही हाती आली.

मंत्रिमहोदय, वेंगुर्ल्याला शिडीवर चढणाऱ्या माणसाला हवी असलेली हीच तर माहिती. संकरातून आलेली पाचशे रोपं आठ वर्षं वाढवून चाखत बसण्याऐवजी रोप महिन्याचं असतानाच एका पानातून डीएनए काढता आला, वासाची जनुकं कुठल्या रोपात हापूसची उतरली आहेत ते पाहता आलं, तर पन्नास ठेवून बाकीची तेव्हाच काढता येतील. जमीन वाचेल, मजुरी वाचेल, दहाएक वर्षं वाचतील. भातात, गव्हात हे रोजचं झालं आहे. आंब्यात अशा खुणा पक्क्या करायला मात्र आधी डोळसपणे वाढवलेली संकरित रोपं लागतात, आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. फळं दापोली, देवगड, वेंगुर्ल्याहून पुण्याला गेली. जनुकांची माहिती इंग्रजी नियतकालिकांत छापून आली. त्या खुणा धरून निवडलेलं कलम आमच्या रोपवाटिकेत अजून मिळत नाही. शिडी एकीकडे, शीतपेटी दुसरीकडे, आणि दोन्हीकडे सारखा पाय असलेला माणूस नेमायची तरतूदच कुठल्या खात्यात नाही.

इथे आमच्याच लोकांची एक समजूत मोडायला हवी. कर्नाटकातला आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरून विकतात, तेव्हा सभेत कोणीतरी उठून म्हणतंच, डीएनए चाचणी करा, दूध का दूध होईल. ते होणार नाही. हापूस कलमाने वाढतो. माझ्या बागेतलं कलम, धारवाडचं कलम, वलसाडचं कलम, सगळी मुळात एकाच झाडाच्या फांद्या. डीएनए जवळपास एकच. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या मातीला नि हवेला मिळालं, जनुकाला नव्हे. उलट पुण्याच्या त्याच गटाने २०१२ मध्ये दाखवून दिलं की दापोली, देवगड आणि वेंगुर्ले इथल्या हापूसच्या वासातल्या संयुगांचं प्रमाण एकमेकांपासून वेगळं ओळखू येतं. गावाची साक्ष द्यायची तर वासाच्या रसायनांनी द्यावी लागेल, आणि त्यासाठी प्रत्येक तालुक्यातली फळं वर्षामागून वर्ष मोजणारं कोणीतरी इथे बसलेलं लागेल. मानांकनाचा लोगो छापून हे काम होत नाही.

सगळी एकाच झाडाची फांदी, यात धोकाही आहे. एखादी नवी कीड एका कलमावर बसली तर ती सगळ्यांवर बसते. थंडी उशिरा आली की साऱ्या जिल्ह्याचा मोहोर एकदमच उशिरा येतो. लांबली की पुनर्मोहोर येऊन धरलेली कणी गळते. वैविध्य उरलं आहे ते रायवळात. परसातल्या, बांधावरच्या, कोणीही नाव न ठेवलेल्या बियांच्या झाडांत. त्यातलं एखादं दर वर्षी फळतं, एखाद्यावर तुडतुडा बसत नाही, हे त्या घरातल्या म्हातारीला माहीत असतं आणि बाकी कुणालाच नसतं. महामार्गाच्या चौपदरीकरणात अशी किती झाडं पडली त्याचा पंचनामा कोणी केला नाही. ती कुणाच्या उत्पन्नातच धरलेली नव्हती.

आता आपल्या रत्नागिरीतल्या बारावी विज्ञानच्या एखाद्या मुलीचा विचार करा. हुशार आहे, डॉक्टरकीला थोडक्यात हुकली, दापोलीला कृषीला गेली. चार वर्षं पदवी, दोन वर्षं वनस्पती जैवतंत्रज्ञानात पदव्युत्तर, मग पुण्याला किंवा दिल्लीला पीएच.डी. तिशीला आली. पुढे काय? विद्यापीठांतली पदं रिकामी पण भरती अडलेली. तोवर कुठल्यातरी प्रकल्पावर सहायक. प्रकल्प तीन वर्षांचा, आणि आंब्याचं रोप तीन वर्षांत मोहोर धरत नाही. प्रकल्प संपतो, मुलगी जाते, रोपांवरच्या पट्ट्या पावसात पुसतात, आणि पुढच्या प्रकल्पाचा माणूस येतो तेव्हा कोणतं रोप कुठल्या संकराचं हे सांगायला कोणी नसतं. मुलगी जालन्याला किंवा हैदराबादला बियाणं कंपनीत कापसावर काम करते, नाहीतर परदेशात टोमॅटोवर. तिचं चुकतं असं मला वाटत नाही.

बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली. त्यानंतर राज्यात खाजगी बियाणं संशोधन उभं राहिलं ते ज्वारी, बाजरी, कापूस, भाजी यांत. शेतकरी दर वर्षी पाकीट विकत घेतो म्हणून कंपनीला ते परवडतं. आंब्याचं कलम एकदा विकलं की शंभर वर्षं उभं राहतं, आणि त्याची काडी शेजाऱ्याने मागितली तर कोकणात कोणी नाही म्हणत नाही. अशा पिकात कुठली कंपनी पैसा घालेल? कोकम, फणस, जांभूळ यांचंही तेच. म्हणून हे काम सरकारचं आहे. सरकार करत नाही असंही नाही : दापोलीचं विद्यापीठ १८ मे १९७२ चं, वेंगुर्ल्याच्या काजूच्या जाती आणि १९९० ची रोजगार हमीतली फळबाग योजना एकत्र आल्यावर आमचे उघडे डोंगर कसे भरले ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. कल्टारची मात्रा दापोलीनेच बसवून दिली. पावसाळ्यात आळ्यात ते घातल्यावर कलम नियमित मोहोरू लागलं. ज्यांनी ते अति घातलं त्यांच्या बागा लवकर म्हाताऱ्या झाल्या, तो दोष आमचा.

बाहेरचं एक उदाहरण देतो. डेनिस गोन्साल्विस. नाव वसईचं वाटेल, पण माणूस हवाई बेटांवरचा, उसाच्या मळ्यातल्या वस्तीत वाढलेला. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात विषाणूंवर काम करत असताना १९७० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी हवाईच्या पपईचा रिंगस्पॉट विषाणू हाती घेतला. तेव्हा हवाईतली बहुतेक पपई पुना या भागात होती आणि तिथे रोग पोहोचलेलाही नव्हता. पोहोचला १९९२ मध्ये, आणि काही वर्षांतच बागा बसल्या. पण प्रतिकारक रोपं तोवर चाचणीत होती. १९९८ मध्ये बागायतदारांच्या हातात बी पडलं. रोग आल्यावर कामाला सुरुवात केली असती तर पुनाला पपई उरली नसती. गोन्साल्विस यांची वाट जनुकबदलाची होती. मला हापूसमध्ये तसा जनुकबदल नको, आणि आमचे निर्यातदार तर ऐकूनच पळतील. त्यांनी संकट यायच्या आधी दहा-बारा वर्षं काम सुरू केलं, याचा मला हेवा वाटतो.

आणि आता मनाला लागलेली गोष्ट. हापूसच्या संपूर्ण जनुकसंचाची गुणसूत्रांपर्यंत मांडलेली वाचणी २०२० मध्ये जिनोम बायोलॉजी या नियतकालिकात आली. वीस गुणसूत्रं, एकोणचाळीस कोटींहून अधिक अक्षरं, हजारो जनुकं. काम कोणाचं? चीनमधल्या शास्त्रज्ञांचं. त्यांनी काही गैर केलं नाही. छापून सगळ्यांना मोकळं केलं, त्याबद्दल त्यांचे आभारच. दिल्लीत डॉ. नागेंद्र कुमार सिंह यांच्या गटाने आम्रपाली हाती घेतली होती. पण ज्या फळाला आपण मानांकन घेतलं, ज्याच्या नावाने अधिवेशनात लक्षवेधी लागते, त्याची जनुकं पहिल्यांदा अशी ओळीने लावली गेली ती रत्नागिरीत नाही, दापोलीत नाही, पुण्यातही नाही. निदान ती मोफत मिळालेली वाचणी वापरणारा माणूस तरी इथे हवा.

म्हणून मागणं पुन्हा नीट सांगतो. पद कायम हवं, आणि ते विभागाला न जोडता पिकाला जोडलेलं हवं : हापूस आणि रायवळ यांच्यासाठी. बढती झाली तरी माणूस त्याच बागेत राहील, अशी सेवाशर्त हवी. आज बढतीबरोबर बदली येते, आणि बदलीबरोबर बारा वर्षांची वही कपाटात जाते. शिडी आणि शीतपेटी एकाच आवारात हवी. आमच्याकडे जूनमध्ये वीज जाते ती कधी कधी दोन दिवस येत नाही, तेव्हा उणे ऐंशी अंशाच्या पेटीला जनित्र हवं, नाहीतर पाच वर्षांचा गोठवलेला गर एका रात्रीत सांडतो. वेंगुर्ले आणि दापोलीत उभी असलेली संकरित झाडं, प्रसारित न झालेलीसुद्धा, रस्ता किंवा इमारत यांच्या आड येतात म्हणून तोडू नका. डीएनएच्या खुणा शोधायला नापास झालेली झाडंही पास झालेल्यांइतकीच लागतात. गावोगावच्या रायवळांच्या काड्या एका ठिकाणी आणून बांधा, म्हाताऱ्या माणसांना विचारून. आणि त्या शास्त्रज्ञाने वर्षातून एकदा, मोहोराच्या आधी, मराठीत आमच्यासमोर उभं राहून यंदा काय कळलं ते सांगावं. काही कळलं नसेल तर तेही सांगावं. आम्ही चहा देऊ.

याला किती पैसे लागतील? एक कायम पद, दोन सहायक, एक मध्यम प्रयोगशाळा. एका अवकाळीनंतर साऱ्या कोकणात वाटल्या जाणाऱ्या मदतीच्या पासंगाला तो खर्च पुरणार नाही. मदतही द्या, ती बंद करा असं मी म्हटलं तर माझीच वाडी मला गावात ठेवणार नाही. फक्त येत्या अर्थसंकल्पात कृषी विद्यापीठांच्या अनुदानाच्या पानावर ही एक ओळ घाला : आंबा, रेणवीय जीवशास्त्र, पद कायम, ठिकाण रत्नागिरी जिल्हा, बदली नाही.

आपला,
एक आंबा बागायतदार,
पावस, ता. जि. रत्नागिरी